दोन म्हणजे किती

"दोन जास्त की दहा?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"दोन," टिचकी म्हणाली. आणि अशी म्हणाली, की विचारणाऱ्याचीच कीव यावी.

"का गं?"

"दोन कध्धी संपतच नाहीत."

बाई हसल्या नाहीत. टिचकीच्या आईला म्हणाल्या, "आकडे घडाघडा म्हणते हो, पण त्यांच्यावर विश्वास नाही तिचा. असंच राहिलं तर वरच्या वर्गात घालणं कठीण. घरी बोलता ना तिच्याशी? येताजाता बोलायचं. चमचे किती, चपला किती. वेगळा अभ्यास नको."

आई मान हलवत राहिली. बोलणं हा तर तिचा धंदाच होता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ती दिवसभर तक्रारींचा फोन उचलायची. 'दोन मिनिटं थांबा हं' आणि 'दोन दिवसांत माणूस येईल'; निम्म्या गावाची तहान ती एवढ्यावरच भागवायची. त्यातलं उरलंसुरलं घरी यायचं. दोन घास खा, म्हणजे ताट संपव. दोन मिनिटांत आले, म्हणजे तू झोपून जा. आणि नवरा बॅग भरून दुसऱ्या संसारात निघून गेला, तेव्हा दारात उभ्या राहिलेल्या पोरीला, जे आधी तोंडात आलं ते: येतील गं बाबा, दोन दिवसांत.

पोरीचं गणित कच्चं नव्हतं. शिकवणीच तशी लागली होती.

त्याच संध्याकाळी आईने कांदे पुढ्यात ठेवले. "हे बघ, दोन."

टिचकीने ते उलटसुलट करून पाहिले. "बस्स? संपले?"

"संपले."

"एवढुसेच असतात होय!" टिचकी खुदकन हसली. आईला मात्र, चोरी पकडली जावी आणि पकडणाऱ्याने वर पाठ थोपटावी, तसं झालं.

मग ती बोलतच सुटली. मोजे, बटणं, जिन्यावरची मांजरं. दोन मिनिटं म्हटलं की खरोखर दोन मिनिटांनी पदर खोचून हजर. टिचकी खूश. बाईंनीही निरोप धाडला, पोर मार्गी लागली. आईला जरा श्वास घेता आला.

एकदा जेवायच्या वेळी ती म्हणाली, "ताटं घे गं. किती लागतील, सांग बरं?"

"तीन." टिचकीने तीन ताटं काढलीही.

"चुकलीस. नीट मोज."

"मी," टिचकीने छातीला हात लावला. "तू. आणि बाबा. दोन दिवस तर केव्हाच संपले ना आता?"

आईच्या तोंडात शब्द तयार होता. कचेरीत तो विचार न करताच बाहेर पडतो. तिने तो गिळला.

"बाबा इथे राहायला येणार नाहीत, बाळा. 'दोन दिवस' हे मी खोटंच सांगितलं होतं."

"मग किती दिवस?"

"त्याला आकडा नाही गं."

का खोटं सांगितलंस, हे पोर विचारील म्हणून ती थांबली. दोन रट्टे घातले असते पोरीने तरी चाललं असतं. टिचकीने तिसरं ताट उचलून ओट्याखाली ठेवलं, क्षणभर बघितलं, आणि पालथं घातलं.

"धूळ बसेल," ती म्हणाली, आणि आपल्या जागेवर येऊन बसली.