जेथ्रोचा हात

राजाला तू. न्यायाधीशाला तू. बायकोला, गड्याला, वाटसरूला, सगळ्यांना एकच तू. टोपी कुणापुढे काढायची नाही, कारण देवाचा उजेड म्हणे सगळ्यांच्या आत सारखाच. मग, उजेडाच्या मक्तेदारांनो, तुमच्या सभाघरात जिन्याखाली तो वेगळा बाक कुणासाठी ठेवलात? आणि त्याबद्दल एक बाई बोलणार असं कळल्यावर तिचं तोंड बंद करायचा बेत पिंपांच्या ढिगाआड उभं राहून का केलात?

बेत साधा होता.

"तू फक्त हात दे," बार्नाबस मेंडेनहॉल म्हणाला. "नेहमी देतोस तसा."

जेथ्रो हॉकेट पाहुणीच्या घोडीला पाणी दाखवत होता. हेझल रनच्या वस्तीवर पिंपं बनवणारा तो एकटाच. मेंडेनहॉल तिथल्या क्वेकर पंथाच्या लोकांचा मुख्य वडीलधारा.

त्यांच्या सभेला पाद्री नसतो, घंटा नसते. लोक गप्प बसतात. ज्याला आतून हाक येते तो उठून बोलतो. समोरच्या उंच बाकावरच्या दोघा वडीलधाऱ्यांनी एकमेकांचा हात हातात घेतला की सभा संपली. मग कुणाचं वाक्य अर्ध्यावर राहिलं तरी राहिलं.

"मागच्या वस्तीत तिनं बाकाचा विषय काढला न् निम्मी माणसं भांडत घरी गेली," मेंडेनहॉल म्हणाला. "आज काढला की मी हात पुढं करणार. तू धरायचास. सभेनं तिला गप्प केलं हे एकदा पसरलं की पुढच्या वस्त्यांत तिला कुणी दार उघडायचं नाही. आल्या वाटेनं जाईल गुमान."

"बरं," जेथ्रो म्हणाला.

मेंडेनहॉल फाटकाबाहेर पडतोय तोच दारातून केझाया, जेथ्रोची बायको, बाहेर आली.

"ऐकलं मी. बरं म्हणालास ना? तुला पुरला तरी खड्ड्यातनं 'बरं' असंच ऐकू येईल."

"हळू बोल. पाहुणी आत आहे."

"पाहुणी घाटा खातेय. आणि तिनं ऐकलंच पाहिजे. गळा तिचाच दाबायचा चाललाय."

आतून हुल्दा बीसनचा आवाज आला, "केझाया, मेपलचा पाक उरला असला तर थोडा दे गं. आज गळ्याला लागेल."

जेथ्रोने घोडीच्या आयाळीत तोंड खुपसलं.

हुल्दा कॅरोलायनाहून डोंगर ओलांडून आली होती. घरी नवरा, शेत, गुरं. ते सोडून वस्त्या-वस्त्यांवर हिंडायचं, आतून जे येईल ते सांगायचं आणि पुढची वाट धरायची. पैसा नाही, मान नाही. घोडी आणि उघडणारी दारं, एवढ्यावर तिचं चालायचं. त्यातली दारं आज बंद व्हायची होती.

आणि जेथ्रोचं आयुष्य म्हणजे हात देणं. सभेत तो आजवर एक शब्द बोलला नव्हता, म्हणून तर त्याला उंच बाकावर बसवला होता. केझायाच्या बहिणीने परक्या पंथात लग्न केलं म्हणून तिला वाळीत टाकलं, ती सभा याच हाताने संपली होती. तेव्हापासून त्याला वाढताना केझाया त्या हाताकडे बघत नसे.

सभाघर गच्च भरलं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. जिन्याखाली आयशम, त्याची बायको आणि म्हातारी आई, वस्तीतलं एकुलतं काळं कुटुंब. आठवडाभर आयशम जेथ्रोच्या शेजारी उभा राहून ओकची लाकडं फाडायचा. दोघं एकाच घागरीतलं पाणी प्यायचे. रविवारी मात्र तो जिन्याखाली जायचा. कुणी सांगायला लागत नसे, हेच वाईट.

बराच वेळ कुणी हललं नाही. मग हुल्दाने टोपडं काढून ठेवलं आणि ती उभी राहिली.

"इथं येताना माझी घोडी ओढ्याच्या चिखलात पोटापर्यंत रुतली. एका माणसानं दोर टाकून काढली, मला घरी नेलं. चुलीपाशी त्याच्या आईची खुर्ची होती. म्हातारी उठली न् म्हणाली, बस. मी बसले. त्या घरात मला कुणी जिन्याखाली बसवलं नाही." तिने जिन्याखाली बसलेल्या त्याच म्हातारीकडे पाहिलं. "त्या घराला जिनाच नाही म्हणा."

बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं.

मेंडेनहॉलचा हात पुढे आला. जाड, स्वच्छ, खात्रीचा हात. जेथ्रोचा हात घाण्याच्या बैलासारखा आपोआप गुडघ्यावरून उठला. तेवढ्यात त्याला समोर केझाया दिसली. ती हाताकडेच बघत होती.

जेथ्रोने हात मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसला.

"जेथ्रो," मेंडेनहॉल ओठ न हलवता म्हणाला. "हात."

जेथ्रोने मांडी आणखी दाबून धरली.

"बहिरा झालास का? हात!"

"तिचं संपलं नाही अजून," जेथ्रो म्हणाला. चांगला मोठ्याने म्हणाला. छपरातली चिमणीसुद्धा उडाली.

मेंडेनहॉलच्या दुसऱ्या बाजूला भिंत होती. भिंत हात देत नाही. त्याचा पंजा हवेत लोंबकळत राहिला आणि मग कोटाच्या खिशात गेला.

हुल्दा बोलली. कुठल्या घाईने नाही, रागाने नाही. हा वेगळा बाक ठेवून आपण देवाला काय तोंड दाखवणार, एवढंच विचारलं आणि बसली. पाक कामी आला होता.

आता सभा संपेना. संपवणार कोण? ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं. लांब कुणाची गाय हंबरत होती. कुणाचं पोट गुरगुरलं आणि शेजारच्याने त्याला कोपर मारलं. जेथ्रोच्या छातीवरून कुणीतरी भरलेलं पिंप उतरवून घेतल्यासारखं झालं होतं. एवढं सोपं होतं? नुसतं बसून राहायचं होतं?

मग आयशम उठला. आईला धरून बायकांच्या बाकाकडे घेऊन गेला. केझायाने शाल उचलून जागा केली. म्हातारी टेकली, तिच्या पाठोपाठ आयशमची बायको. आयशम मात्र बसला नाही. उंच बाकासमोर येऊन उभा राहिला.

"बार्नाबस, तिकडचा बाक रिकामा झाला बघ. लाकूड झकास आहे. सरपणाला नेऊ, का तुला पाहिजे बसायला?"

हसू दाबणाऱ्या माणसांखाली बाक करकरले. मेंडेनहॉलने नेहमीच्या सवयीने जेथ्रोकडे पाहिलं.

जेथ्रोने मांडीखालचा हात काढला. त्याला चांगल्या मुंग्या आल्या होत्या. तो झटकत, बोटं उघडत-मिटत तो म्हणाला,

"उत्तर दे, बार्नाबस. सभा चालू आहे."