निरंकचा रकाना

रकाना सात : आम्ही पोचण्यापूर्वी रुग्णावर झालेले उपचार.

चार वर्षांत प्रज्ञानं या रकान्यात काय काय लिहिलं? हळद भरली. कांदा हुंगवला. चप्पल हुंगवली. चुना लावला. बेशुद्धीत पाणी पाजलं. देवीचा अंगारा. दंडाला दोरी, करकचून. पुन्हा हळद. आणि यातलं काहीच झालेलं नसलं, की सरकारी कागदाची रीत म्हणून एकच शब्द : निरंक.

प्रज्ञा जुन्नरला रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक. गाव निमगाव सावा, म्हणजे तालुक्याच्या सपाट अंगाची पोर. नेमणूक मात्र अशी, की निम्मे कॉल डोंगराकडचे. प्रत्येक कॉलचा एक कागद भरायचा, त्याला आठ रकाने. इथं मांडलाय तो चैत्रातल्या एका मंगळवारचा. सात नंबर तिनं सगळ्यात शेवटी भरला, म्हणून आपणही शेवटीच भरू.

रकाना एक : कॉलची वेळ — सकाळी ९.४२

पहिली खेप नुकतीच झाली होती. आपटाळ्याच्या एका आजोबांची साखर उतरलेली. सलाईनमधून साखर चढताच आजोबा उठून बसले आणि "चहा कुणी गार केला?" म्हणून सुनेवर खेकसले. प्रज्ञा परत येऊन हात धूत होती, गोकुळनं चहाचा कप तोंडाला लावला होता. गोकुळ म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, लोणीचा. तेवढ्यात फोन.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"सावळेराम. घाटघर, वरली वस्ती. आमचा भागू पडला ना हिरड्यावरनं!"

"शुद्धीवर आहे का?"

"हाये की. झाडाला शिव्या देतोय. पर पाठ लई दुखती म्हनतोय, आन पाय जड झाल्यात. तुमी फाट्यावर या, ताई. आमी झोळी करून आनतोच त्याला खाली."

"थांबा, झोळी—"

फोन कटला.

वरल्या वस्तीवर रेंज एकाच ठिकाणी मिळते. वस्तीच्या वरच्या अंगाला एक दगड आहे, फोनचा दगडच म्हणतात त्याला. त्यावर उभं राहून बोलायचं. बोलून माणूस खाली उतरला, की तो जगाच्या बाहेर. प्रज्ञानं अकरा वेळा फोन लावला. सावळेराम जगाच्या बाहेर गेला होता.

रकाना दोन : काय झाले — झाडावरून पडणे, अंदाजे पंधरा फूट

रकान्यात एवढंच मावतं. पण ज्यानं हिरड्याचं झाड पाहिलं नाही, त्याला यातनं काय कळणार? या दिवसांत पश्चिमेकडची घरंच्या घरं बाळहिरडा, म्हणजे औषधासाठी विकली जाणारी हिरड्याची कोवळी फळं, गोळा करायला रानात असतात. खाली बायका वेचतात, कातळावर वाळत घालतात. वर गडी फांद्या झोडपतात. फांदी तोलायचा अंदाज लहानपणापासूनचा. पण अंदाज कधीतरी चुकतोच, आणि मग फांदी राहते झाडावर, माणूस येतो खाली.

झोळीचंही सांगायला हवं. घोंगडीची दोन टोकं बांबूला बांधायची, मधे माणूस, बांबू दोघांच्या खांद्यावर. रोग्याला असं फाट्यावर आणून ठेवायचं, गाडीवाल्यांना डोंगर चढायला लावायचा नाही, ही तिथली माणुसकी. बाळंतीण अशी आली, तापानं फणफणलेली पोरं आली, पान लागलेले, म्हणजे साप चावलेले गडी आले. दर वेळी वाचलेल्या अर्ध्या तासाबद्दल प्रज्ञानं त्यांचे आभार मानले होते.

पण झोळीत माणूस दुमडतो. मणका दुखावलेला असला आणि वरून दुमडला, तर आतली मज्जारज्जू चेपते, आणि एकदा ती गेली की पाय गेले. कुठल्याच डॉक्टरला ते परत आणता येत नाहीत. भागू पस्तिशीचा. घरात म्हातारी आई, बायको, दोन मुली. डोंगरातल्या माणसाला पाय नसले, तर त्यानं करायचं काय?

माणुसकीनंच त्याचे पाय जाणार होते.

रकाना तीन : रस्ता

माणिकडोह धरणाचं पाणी डाव्या हाताला मागं पडत गेलं.

"गोकुळदादा, अजून थोडं."

"ताई, याच्यापुढं दाबली तर गाडीच झोळीत घालून आणावी लागंल."

ती हसली नाही. गोकुळनं आरशात पाहिलं आणि चावंडचं वळण काढलं. मग म्हणाला, "आतापर्यंत निघालेबी असतील ते."

"माहितीये मला."

रकाना चार : पोचल्याची वेळ — ~~१०.४०~~

खोडलंय, कारण फाट्यावर पोचणं म्हणजे रुग्णापाशी पोचणं नव्हे.

फाट्यावरच्या आंब्याखाली झोळी नव्हती. दहा-बारा माणसांचा घोळका नव्हता. एक कुत्रं होतं, ते उठून दुसऱ्या सावलीला गेलं.

"वाटेत असतील," गोकुळ म्हणाला. "थांबू. ते उतरतील तवर स्ट्रेचर काढतो."

प्रज्ञा वर वाटेकडे पाहत राहिली. तासभर झाला होता. एवढ्या वेळात त्यांची झोळी दोनदा उतरून आली असती. आली नाही, म्हणजे वर काहीतरी झालंय. एक तर भागूचं काही बरंवाईट. किंवा... दुसरं काय असणार, ते तिला सुचेना.

"स्ट्रेचर नको. बोर्ड घ्या, पट्टे घ्या. गळ्याची कॉलर माझ्या पिशवीत आहे. चढायचं."

"आमच्या लोणीला एवढं चढायचं म्हटलं, तर आधी डोंगर विकत आणावा लागंल," असं म्हणत गोकुळनं माणसाच्या उंचीचा तो पिवळा बोर्ड खांद्यावर मारला आणि तिच्याही पुढं निघाला.

(कागदावर नसलेला रकाना)

चढताना दम लागला, की प्रज्ञाला नको ते आठवतं. आज दिवाळीनंतरचा एक दिवस आठवला.

याच गावात, शाळेच्या ओट्यावर, तिनं प्रथमोपचाराचं प्रात्यक्षिक घेतलं होतं. अकरा माणसं जमली होती. गडी मागं बसून तंबाखू मळत हसत होते. 'बोर्डवर कोण झोपतंय?' म्हटलं, तर कुणी उठेना. शेवटी कोपऱ्यात सावलीला टेकलेली एक म्हातारी उठली. झुंबरबाई. आठवड्याच्या बाजाराला जायला जीपची वाट बघत बसली होती ती.

"मला निजव, पोरी. तेवढीच पाठ टेकंल."

गडी खोखो हसले. सावळेराम ओरडला, "काकू, नीट बांधून घ्या, न्हाईतर पळाल!"

प्रज्ञानं तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. म्हातारी वर बघत म्हणाली, "पडले कमरेवर, तर डोकं कशापाई धरतीस?"

"आजी, मानेपासून कमरेपर्यंत एकच माळ आहे. एक टोक हललं, की सगळी हलते."

"माझ्या बोरमाळंवानी?"

"तशीच. म्हणून दोन गोष्टी. गाडी येईपर्यंत उचलायचं नाही. आणि डोकं ज्याच्या हातात, हुकूम त्याचा. तो म्हणेल तेव्हाच सगळ्यांनी हलायचं."

तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. झुंबरबाई पट्टे सोडवून बोर्डवरून उठली आणि पिशवी घेऊन निघून गेली. त्या दिवसाच्या अहवालात प्रज्ञानं लिहिलं होतं : उपस्थिती अकरा. परतताना गोकुळला म्हणाली होती, "लक्ष दिलं शून्य जणांनी. वाया गेला दिवस."

रकाना चार, पुन्हा : पोचल्याची वेळ — ११.०८

आधी आवाज आला.

"हात लावून बघ तू! ह्या काठीनं तंगडी मोडीन, मंग गाडीतनं दोघंबी जावा!"

हिरड्याच्या झाडाखाली माणसांचं कोंडाळं. बाजूला बांबू, त्याला घोंगडी बांधून तयार. आणि मधोमध, जमिनीला पाठ टेकून सरळ पडलेला भागू. त्याच्या डोक्यापाशी पाय पसरून बसलेली झुंबरबाई, भागूची आई. तिचे दोन्ही पंजे त्याच्या कानांवर घट्ट, कोपरं स्वतःच्या मांड्यांवर रोवलेली, काठी हाताशी टेकवलेली. भागूच्या मानेच्या दोन्ही बाजूंना हिरड्यानं गच्च भरलेल्या दोन पिशव्या, मान इकडची तिकडं होऊ नये म्हणून लावलेल्या.

प्रज्ञा होती तिथंच उभी राहिली. क्षणभरच, कारण तिच्या कामात क्षणाहून जास्त उभं राहता येत नाही.

"आलीस बया!" झुंबरबाई मान न वळवता म्हणाली. "ह्यांनी मला खुळ्यात काढलं बघ."

सावळेराम पुढं झाला. तोंड रडवेलं. "ताई, तुमीच सांगा. पावणेदोन तास झालं, काकू हात लावू देईनात. म्हंटलं पोरगं मरंल, तर म्हनती मरू दे, पर दुमडू देनार न्हाई. आता आईच म्हनती म्हंटल्यावर आमी काय करनार?"

"कुणीच नाही उचललं? एकदाही?"

"कसं उचलनार? काठी बघितली का तिची?"

"आई, माझा कान," भागू खालून म्हणाला, "कान तेवढा सोड गं. बधीर झाला."

"गप. कानाबिगर चालता येतं."

प्रज्ञा गुडघ्यावर बसली. नाडी. श्वास. रक्तदाब. पोट. मग ती पायांकडे सरकली आणि भागूची पायताणं कापून काढली.

"भागूभाऊ, अंगठा हलवा. डावा."

हलला.

"उजवा."

काही नाही. रानात एवढी शांतता, की कातळावर वाळणारा हिरडा तडकलेला ऐकू यावा. मग उजवा अंगठा, रुसलेल्या माणसासारखा, जरासा वर आला.

"बास. जेवढं आहे तेवढं पुरे," ती म्हणाली. आता एवढंच जपायचं होतं. जेवढं वर आहे तेवढंच खाली न्यायचं.

रकाना पाच : केलेली कार्यवाही — कॉलर, कुशीवर वळवणे, बोर्ड

कॉलर लावून झाली. आता भागूला लाकडाच्या ओंडक्यासारखं, एकसंध, कुशीवर वळवायचं आणि पाठीमागून बोर्ड सरकवायचा. पाठ तपासायला प्रज्ञाला कमरेपाशी बसायला हवं. मग डोकं कुणाकडं?

गोकुळनं तिच्याकडं पाहिलं. ती झुंबरबाईकडं पाहत होती. पावणेदोन तास ते हात हलले नव्हते. ते काढून दुसरे लावणं म्हणजे उगाच एक हिसका.

"आजी, हात चालतील का अजून?"

"मला कुठं कळत्यात ते? दगड झालेत. दगड हलत न्हाईत, तू बोल."

"मग तुम्हीच मोजा. तीन म्हणाल तेव्हा आम्ही वळवतो. तुमच्या आधी कुणी नाही."

सावळेराम खांद्यापाशी, प्रज्ञा कमरेपाशी, एक गडी पायांपाशी, गोकुळ बोर्ड धरून मागं. म्हातारीनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. शाळेच्या ओट्यावर हसलेले तेच सगळे.

"ऐका रं," ती म्हणाली. "डोकं माझ्या हातात हाये. माझ्याबिगर जो हलंल, तो माझा कुनी न्हाई. येक. दोन."

आणि थांबली. सावळेरामचा खांदा पुढं झुकला होता.

"सावळ्या, तीन म्हनले का मी?"

"न्हाई, काकू."

"मंग मागं हो. परत. येक. दोन. तीन."

भागू एका रेषेत वळला. प्रज्ञानं पाठीवरून बोटं फिरवली, कमरेच्या वर एका ठिकाणी तो कण्हला. बोर्ड सरकला. "आता खाली. येक, दोन, तीन." पट्टे बसले. हिरड्याच्या पिशव्या प्रज्ञानं काढल्या नाहीत. बोर्डसोबत आणलेले डोक्याचे ठोकळे पिशवीतच राहिले. पिशव्याच जास्त घट्ट बसल्या होत्या.

मग ती सावळेरामला म्हणाली, "भाऊ, आता माझं काम संपलं, तुमचं सुरू. सपाट न्यायचा. उतारावर मला जमणार नाही ते."

सावळेरामचा चेहरा दोन तासांत पहिल्यांदा माणसात आला. त्यानं उंच गडी उताराच्या बाजूला लावले, बुटके वरच्या बाजूला, दोघा पोरांना नुसती वाट साफ करायला पुढं पिटाळलं. आठ खांद्यांवरून भागू असा उतरला, की गोकुळ मागून म्हणाला, "ताई, आपल्या गाडीपेक्षा यांचे टायर चांगलेत."

रकाना सहा : पुनर्तपासणी — १२.०५, फाटा

गाडीत घेतल्यावर प्रज्ञा आधी पायांकडं गेली. दार उघडं, दारात सगळी वस्ती.

"डावा."

हलला.

"उजवा."

जरासा वर आला. रुसलेलाच, पण तेवढाच. जेवढा वर, तेवढाच खाली.

झुंबरबाई गाडीत चढली आणि तिनं पहिल्यांदाच हात मोकळे केले. बोटं सरळ होईनात. प्रज्ञानं ती आपल्या हातांत घेतली आणि आपटाळं येईपर्यंत चोळत राहिली.

रकाना आठ : कुठे दाखल केले

मंचर. दुपारी फोटो निघाले. एका मणक्याला चीर, मज्जारज्जू शाबूत. महिनाभर आडवं, मग पट्टा, मग चालणं. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडं धरला, मग हिरड्याच्या पिशव्यांकडं पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

प्रज्ञानं बाहेरच्या बाकाकडं बोट दाखवलं. तिथं झुंबरबाई बशीतनं चहा पीत होती. कप तिच्या बोटांत अजून ठरत नव्हता.

रकाना सात : आम्ही पोचण्यापूर्वी रुग्णावर झालेले उपचार

प्रज्ञा झुंबरबाईशेजारी बसली, कागद मांडीवर घेऊन. पेन उघडलं. हाताला सवयीनं 'नि' लिहायचं होतं. तिनं हात थांबवला आणि बारीक अक्षरात लिहायला घेतलं : रुग्णास जागेवरच स्थिर ठेवले. मान व डोके एक तास पन्नास मिनिटे हातांनी धरून ठेवले. दोन्ही बाजूंस आधार दिला. उचलू दिले नाही. उपचार करणारी : झुंबरबाई, रुग्णाची आई, घाटघर.

"काय लिवतीस येवढं?"

"तुम्ही काय केलंत ते. तुमचं नाव."

"सरकारी कागदावर?"

"हो."

म्हातारीनं बशी खाली ठेवली. पदर सारखा केला, जसा फोटो काढताना करतात. बराच वेळ त्या न वाचता येणाऱ्या ओळींकडं बघत राहिली.

"आन सावळ्याचं?"

"त्यांनी काय केलं, आजी? ते तर झोळी घेऊन उभे होते."

"दोन तास माझ्या शिव्या खाल्ल्या. आठ गडी घिऊन उभा व्हता, मला म्हातारीला बाजूला सारायला त्याला कितीसा येळ? न्हाई सारलं. लिव त्याचं बी."

रकान्यात आता जागा नव्हती. प्रज्ञानं कागद आडवा केला आणि समासात, वरपासून खालपर्यंत, सावळेरामचं नाव लिहिलं. मग त्याखाली बाकीच्या आठांची नावं विचारून घेतली, एकेक.