पुढे कोण बसतं

रिकामा पाळणा हलवायचा नाही, हे बकुळाबाईंना पक्कं ठाऊक होतं. हलवायचाच झाला तर त्यात आधी वरवंटा ठेवायचा. बारशाला ठेवतात तसा, टोपडं घालून. हा नियम गाडीतल्या सीटलाही लागतो, हे मात्र त्यांनी स्वतःच्या मनानं ठरवलं. आणि त्या घरात त्यांनी ठरवलं की ठरलं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा सिल्वासाला होता आणि सून परक्या घरातली. विरोध करायला होतंच कोण?

त्या सोमवारी भाविकाला ताप होता. आठ महिन्यांची पोर, रात्रभर किरकिरत होती. रोज सकाळी तिची आई, कल्पिता, तिला गाडीत घालून तलासरीजवळच्या वेवजीला न्यायची. तिथं ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि शाळेमागं राहणारी जयश्री दिवसभर पोरीला सांभाळायची. डहाणूहून तासाभराचा रस्ता. पोरीला घरीच का ठेवत नाहीस, असं कोणी विचारलं तर कल्पिता हसून वेळ मारून न्यायची. कारण सांगण्यासारखं नव्हतं. सासूचं म्हणणं होतं, "मांडीवर दे, हवी तेवढी खेळवीन. पण उचलायला सांगू नको, माझे गुडघे गेलेत." आता आठ महिन्यांचं पोर न उचलता कसं सांभाळायचं, हे त्या सांगत नव्हत्या.

तापामुळं त्या दिवशी सासूबाई एका दिवसापुरत्या तयार झाल्या. कल्पिता चावी घेऊन बाहेर आली तर भाविकाच्या सीटमध्ये वरवंटा बसलेला. डोक्याला टोपडं, अंगाभोवती दुपटं.

"आई, हे काय?"

"रिकामी सीट हलवत नेणार तू तलासरीपर्यंत. पोर तापलंय, अजून काय व्हायला पाहिजे?"

कल्पिताला उशीर होत होता. ती गाडीत बसली. त्या घरात तिनं न बोलता घालवलेल्या गोष्टी मोजल्या तर वही पुरणार नाही. ही अजून एक.

ती सीट म्हणजे एक छोटी बादलीसारखी खुर्ची होती. शाळेतल्या हिना मॅडमनी दिलेली, त्यांचा मुलगा मोठा झाल्यावर. ती मागच्या सीटवर मधोमध बसवलेली होती, म्हणजे आरशात पोर दिसते. हिना मॅडमनी बजावलं होतं की हिचं तोंड मागे ठेवायचं. पण बकुळाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पोरीनं काय पाप केलं म्हणून पाठ करून बसायचं? रस्ता दिसू दे तिला." मग कल्पितानं खुर्ची पुढे तोंड करून बसवली होती. पट्टे आवळले की भाविका रडायची, म्हणून पट्टेही सैल.

आशागड गेलं, हायवे लागला. तलासरीच्या अलीकडं पुढच्या टेम्पोनं कारण नसताना ब्रेक मारला. कल्पितानंही मारला. तिची गाडी टेम्पोपासून वीतभर अंतरावर थांबली. कोणाला काही लागलं नाही. फक्त तिच्या खांद्याजवळून काहीतरी गेलं आणि समोर रेडिओवर आदळलं.

टोपडं गिअरवर पडलं होतं. रेडिओची काच फुटून आतल्या तारा दिसत होत्या. वरवंटा तिच्या पायाशी, ब्रेकच्या बाजूला येऊन पडला होता.

तिनं गाडी कडेला घेतली. वरवंटा उचलून मांडीवर ठेवला. तीन किलो असेल. भाविका साडेआठ किलोची होती. मागून ट्रक हॉर्न मारत जात होते आणि ही बाई रस्त्याच्या कडेला दगड मांडीवर घेऊन बसलेली. दगडाला पट्टा लावला नव्हता हे खरं. पण पोरीला तरी कुठं नीट लावत होते मी, हे तिच्या मनात आलं आणि मग दुसरं काही येईना.

तिनं जतीनला फोन लावला. जतीन, तिचा नवरा, सिल्वासाच्या एका कंपनीत सुपरवायझर. तिथंच खोली घेऊन राहायचा. आधी दर रविवारी यायचा, मग एकाआड एक. दिवाळीनंतर दोनदा आला होता. सिल्वासा म्हणजे काही दुबई नव्हे. सकाळी निघाला तर चहाला घरी पोचेल. हे सगळ्यांना कळत होतं आणि घरात कोणी बोलत नव्हतं.

सगळं ऐकून तो म्हणाला, "वरवंटा फुटला का?"

"जतीन."

"अगं गंमत केली. तुला लागलं नाही ना? मग झालं. काढून टाक ती सीट. आपण काय सीटमध्ये वाढलो? मांडीवर घेऊन बसायचं."

"आणि गाडी कोण चालवणार?"

तिकडं मशीनचा आवाज येत होता. "बघू," तो म्हणाला. "लाइनवर आहे, नंतर करतो."

नंतर त्यानं केला नाही.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर ती भाविकाला घेऊन थेट वापीला गेली. तिथं लहान मुलांच्या सामानाचं दुकान होतं प्रविणभाईंचं. माणूस बोलका.

"आवो बेन. कितवा महिना? वजन किती? मिस्टर गाडी पार्क करतात काय?"

"मीच पार्क केली."

"बरं बरं." त्यांनी हिना मॅडमच्या खुर्चीत भाविकाला बसवून बघितलं. डोकं वरच्या काठाला आलं होतं. "ही संपली. आता हिला कन्व्हर्टिबल लागेल. आज मागे तोंड, मोठी झाली की फिरवा, पुढे तोंड. एकच सीट, चार वर्षं बघायला नको."

चार वर्षं बघायला नको. तो आपला माल विकत होता, पण कल्पिताला ते वाक्य बोचलं. चार वर्षांत काय काय बघावं लागेल याचा तिला अंदाज होता.

त्यांनी दोन सीट काढल्या. एक हलकी, नऊ किलोनंतर पुढे फिरवता येणारी. "तुमची साडेआठची आहे. पंधरा दिवसांत फिरवाल. सगळे हीच घेतात." दुसरी जड, मोठी, अठरा किलोपर्यंत मागे तोंड ठेवता येणारी.

"ही का कोणी घेत नाही?" कल्पितानं विचारलं.

"खरं सांगू? जागा खाते. आणि आजी लोकांना चालत नाही. आजी बोलते, पोराचं तोंड दिसत नाय. मग आजी सीट परत पाठवते." ते हसले. "माझा धंदा आजीच्या हातात आहे, बेन."

कल्पितालाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी तिच्याशी कामाशिवाय दोन वाक्यं बोललं होतं.

"पोराच्या दृष्टीनं कुठली बरी?"

प्रविणभाईंनी हसणं थांबवलं. भाविकाच्या मानेमागं हात धरून दाखवलं. "डोकं जड, मान कच्ची. पुढे तोंड असेल तर ब्रेकला डोकं असं जातं. मागे तोंड असेल तर अख्खी पाठ सीटवर दाबली जाते. तुम्ही विचारलं म्हणून सांगतो."

"मग मोठी."

"गाडीत बसवून बघू आधी."

तिची गाडी लहान. मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा होता, तो चालणार नव्हता. सीट डावीकडं, पुढच्या रिकाम्या सीटच्या मागं लावायची. प्रविणभाई वाकून आत शिरले, सीट टेकवली, ढकलली आणि बाहेर आले.

"पुढची सीट पार मागे आहे. कोणाच्या मापानं ठेवलीये?"

ती जतीनच्या मापानं होती. तो सहा फूट. दिवाळीत बसला होता तेव्हा त्यानंच मागे घेतली होती. कल्पितानं तिला हात लावला नव्हता. पर्स ठेवायची, डबा ठेवायची, भाविकाची पिशवी ठेवायची, पण सीट पुढे ओढावी असं कधी मनात आलं नाही. का आलं नाही, असं कोणी विचारलं असतं तर तिनं भांडण काढलं असतं.

"ही पार पुढे घ्यावी लागेल, एकदम डॅशबोर्डाला," प्रविणभाई म्हणाले. "मग तिथं माणूस बसत नाही. हलकी घेतली, फिरवली, तर प्रॉब्लेम नाही. म्हणून विचारतो बेन, पुढे कोण बसतं?"

भाविका त्यांच्या पोरसवद्या सेल्सगर्लच्या कडेवर होती, तिची नाकातली चमकी ओढत होती. रस्त्यावर रिक्षा चालल्या होत्या.

"कोणी नाही," कल्पिता म्हणाली.

एवढंच. माहेरी, सासरी, शाळेत, जयश्रीला, कोणालाच तिनं हे सांगितलं नव्हतं. सांगितलं ते वापीतल्या एका दुकानदाराला, ज्याला फक्त जागेचा हिशेब हवा होता. त्यानं मान हलवली, खटका ओढला आणि सीट खडखडत पुढे गेली.

"लावायची कशी ते मिस्टरना व्हिडिओ पाठवतो. जोर लागतो."

"मला दाखवा."

त्यांनी दाखवलं. सीटवर गुडघा रोवायचा, सगळं वजन टाकायचं, पट्टा ओढायचा. मग बुडाशी धरून हलवायची, बोटभरापेक्षा जास्त हलली तर परत. कल्पितानं तीनदा लावली, तीनदा काढली. चौथ्यांदा सीट हलली नाही. तिचा कुर्ता घामानं पाठीला चिकटला होता. खांद्याचे पट्टे आवळले तेव्हा भाविका रडली. कल्पितानं ते सैल केले नाहीत.

बकुळाबाईंनी अंगणातच बघितलं. "पाठ फिरवलीस शेवटी पोरीची."

"हो."

"आणि जतीन कुठं बसणार?"

"तो आला की बघू."

यात टोमणा होता की नव्हता, हे बकुळाबाईंना ठरवता आलं नाही. त्या आत गेल्या.

जतीन पुढच्याच रविवारी आला. चिंचणीला त्याच्या चुलतभावाची, धनेशची, वास्तुशांत होती. नवा शर्ट, नवी चप्पल, बाईक पुसून चकचकीत. भाविका त्याला बघून रडली. तो म्हणाला, "विसरली मला," जणू चूक पोरीची.

निघायच्या वेळी त्यानं पुढचं दार उघडलं. एक पाय आत घातला आणि तसाच उभा राहिला.

"हे काय करून ठेवलंस? मी कुठं बसू?"

"तू चालव. आई मागे, मीही मागे. मी मध्ये बसते."

"आईला मागे? तिचे गुडघे आहेत."

"म्हणूनच. पुढे तर जागाच नाही."

बकुळाबाई म्हणाल्या, "मी पुढे बसते पोरीला मांडीवर घेऊन. एवढ्याशा रस्त्याला काय होतंय?"

"मांडीवर नाही, आई."

"फिरव ना मग ती सीट," जतीन म्हणाला. "पुढे तोंड कर, सगळ्यांचं भागेल. नऊ किलोला चालतं, मी बघितलं नेटवर."

त्यानं बघितलं होतं म्हणजे. मग फोन का केला नाहीस, हे कल्पिताच्या जिभेवर आलं. पण ती दुसरंच बोलली.

"ही सीट रोज माझ्याबरोबर तलासरीला जाते. तुझ्याबरोबर वर्षातून चारदा जाईल. रोज जाणाऱ्याच्या मापानं ठेवलीये. तू मागे बस, नाहीतर चालव. तिची सीट फिरणार नाही."

जतीननं आईकडं बघितलं. आईनं त्याच्याकडं. बायको चालवतेय आणि नवरा मागे, हे धनेशच्या दारात चार लोकांसमोर त्याला नको होतं. आणि स्वतः चालवली तर कल्पिताचं ऐकल्यासारखं झालं असतं. असल्या हिशेबात हुशार होता तो.

"चल आई," तो म्हणाला आणि बाईकला किक मारली.

गुडघे गेलेल्या बकुळाबाई नऊवारी सावरत बाईकवर एका बाजूनं बसल्या. खांदा घट्ट धरला मुलाचा. "ये तू मागून," जतीन म्हणाला, आणि वाडीच्या फाटकातून बाहेर पडला.

कल्पितानं भाविकाला बसवलं, पट्टे आवळले आणि निघाली. थोडा वेळ बाईक पुढे दिसत होती. मग रस्ता वळत गेला आणि दिसेनाशी झाली.

वरोरच्या पुढे भाविका रडायला लागली. आधी कुरकुर, मग हुंदके देऊन. आरशात आता ती दिसत नव्हती, नुसती सीटची काळी पाठ. कल्पिता बोलत राहिली, गाणं म्हणाली, चुटक्या वाजवल्या. पोर ऐकेना. शेवटी वाळत घातलेल्या बोंबलांच्या बांबूंशेजारी तिनं गाडी थांबवली आणि मागे जाऊन भाविकाच्या शेजारी बसली.

भाविका लगेच गप्प झाली. तिची बोटं आईच्या ओढणीत गुंतली. मागच्या काचेतून पार केलेला रस्ता दिसत होता, नारळाची दोन झाडं आणि ऊन. रोज ही एवढंच बघत जाते, कल्पिताच्या मनात आलं. आणि शेजारी कोणी नाही. माझ्याही नाही.

फोन वाजला, जतीन. तिनं उचलला नाही. बाईक परत वळली का ते बघायला ती एकदा पुढे वाकली. समोरचा रस्ता मोकळा होता. फोन वाजायचा थांबला.

वाळते बोंबील उलटवणारी एक बाई खिडकीशी आली. वाकून आत बघितलं.

"डायवर कुठं गेला गो तुझा?"

"मीच."

"मग मागे काय बसलीस?"

"हिच्याजवळ कोणी नाही म्हणून."

बाईनं भाविकाकडं बघितलं, मग पुढच्या दोन सीटकडं. एक रिकामी, दुसरी डॅशबोर्डाला चिकटलेली.

"बस मग," ती म्हणाली. "गाडी सावलीत घे पण, पोर तापंल." आणि आपल्या कामाला गेली.

कल्पितानं भाविकाला झोप लागेपर्यंत वाट बघितली. ओढणी तिच्या मुठीतून सोडवली नाही, खांद्यावरून काढून तिथंच ठेवली. मग पुढे जाऊन तिनं गाडी सुरू केली.