रिकामा गोल आणि कांद्याचा वास

मी जाळी बोलतेय. आइस हॉकीतल्या गोलकीपरच्या हेल्मेटला तोंडासमोर तारांची जाळी असते ना, तीच, हेल्मेटसकट. चेहरा शोल्पानचा, काळजी माझी, अशी आमची वाटणी.

जन्म कुठल्या कारखान्यातला, आठवत नाही. आठवतो तो इर्तिश नदीकाठचा बाजार. शोल्पानच्या आईनं मला जुन्या सामानातून उचललं. "पोरीच्या दातांसाठी घेतेय, कमी करा. लग्न व्हायचंय अजून!" शोल्पाननं माझ्या कपाळावर मेंढ्याची वळणदार शिंगं रंगवली, खेळातल्या रबरी चकत्यांनी ती खरवडून काढली. चकती अंगावर आली की मी डोळे मिटायचे. मला डोळे नाहीत, तरीही. शोल्पान मात्र कधी मिटायची नाही.

एका अंतिम सामन्यात आम्ही एका गोलनं मागे होतो. अगदी शेवटी प्रशिक्षक सेरिकबोल अगाय (अगाय म्हणजे आमच्याकडे सर) ओरडले, "शोल्पान, बाहेर ये!" हरणारा संघ असा जुगार खेळतो. गोलकीपरला बाकावर बसवायचं आणि हल्ल्याला एक खेळाडू वाढवायचा. बाकावरून आम्ही दोघींनी पाहिलं, चकती आमच्या रिकाम्या गोलकडे निघाली होती. काही घाई नव्हती तिला. मला वाटतं, ती अजून सरकतेच आहे.

मग लग्न, बाळ. शोल्पान बर्फाच्या रिंकवर मुलींना शिकवायला लागली आणि मी बाल्कनीत गेले. तिच्या सासूबाईंनी माझ्यात कांदे भरले. तक्रार कशाला करू? डोक्यापेक्षा कांदे शांत असतात.

यंदा सेरिकबोल अगायनी, ते आता हॉकी संघटनेचे अध्यक्ष, मुलींची संध्याकाळची वेळ काढून जुन्या पुरुष खेळाडूंना दिली. मुलींनी पहाटे यावं म्हणे.

"उणे तीसमध्ये, अंधारात, कुठली आई पोरीला पाठवेल?" शोल्पान घरी म्हणाली. "मी तर नाही पाठवणार."

म्हणजे संघच संपला. थांबवायचं तर निवडणुकीत अध्यक्षपदाला उभं राहायला हवं. पण रिंकचा पगार घेणाऱ्याला उभं राहता येत नाही. नोकरी सोडून ती हरली, तर मुलींना ना वेळ, ना शिकवणारी. पुन्हा तोच रिकामा गोल!

सासूबाईंनी बराच वेळ चहा ढवळला. मग म्हणाल्या, "ने बाई तुझी जाळी. कांदे टोपलीत टाकते मी."

शोल्पाननं नोकरी सोडली आणि निवडणुकीच्या सभेत मला टेबलावर पालथं ठेवलं. मला दिसत होतं नुसतं लाकूड.

"आपल्याकडे मेजवानीत मेंढीचं डोकं अध्यक्षापुढे ठेवतात," कुणीतरी म्हणालं. "आता ते सूनबाई कापणार?"

"कापीन की. कान लहान मुलांना देतात ना, ऐकायला शिकावं म्हणून? ते तुम्हाला देईन."

हशा पिकला. सेरिकबोल अगाय हसले नाहीत. "पोरी, गोलकीपरनं गोल सोडायचा नसतो."

"हरत असलो की सोडायचा. तुम्हीच बोलावलं होतंत."

"आणि काय झालं होतं, आठवतं ना?"

"रोज आठवतं."

हात वर करायला सांगितलं. आधी अगायसाठी, मग तिच्यासाठी. खुर्च्या करकरल्या. कुणीतरी मोजत होतं, चुकत होतं, पुन्हा मोजत होतं. शोल्पानची बोटं माझ्या तारांत अडकली होती, बर्फासारखी गार. मग ती एकदम सैल पडली. मी धरूनच चालले की हरलो. स्वभावच माझा तसा. तेवढ्यात टाळ्या वाजल्या.

जिंकली. एका हाताच्या फरकानं.

"अभिनंदन," अगाय म्हणाले. "पण मुलींना आता शिकवणार कोण? तिथली जागा रिकामी आहे."

"तुम्ही, अगाय."



"पहाटे यायचं?" त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

"छे. संध्याकाळी."

आज मी मुलींच्या संघाची नवी गोलकीपर अकबोता हिच्या डोक्यावर आहे. अकरा वर्षांची आहे, दात अजून सगळे शाबूत. मला घालताच तिनं नाक मुरडलं. "शी! कांद्याचा वास येतोय." पलीकडून अगाय खेकसले, "वास नको घेऊस, चकती बघ!" शोल्पान काचेमागे उभी आहे, कोट घालून, कठडा घट्ट धरून. अध्यक्ष झाल्यापासून तिला बर्फावर येऊन शिकवता येत नाही.

पोरी, एवढा वास सहन कर. डोळे उघडे ठेव, मिटायचं काम माझ्याकडे. आणि कधी बाकावरून हाक आली, तर गोल सोडून खुशाल जा. मागे वळून बघू नकोस. मागे बघायला मी आहे, आणि काचेपलीकडची ती आहे.