फूटभर जमीन

नियोजन कार्यालयात प्राथमिक आराखडे द्यायचा तो शेवटचा दिवस, आणि खिडकी बंद व्हायला जेमतेम अर्धा तास उरलेला. आज हुकलं की पुढची तपासणी थेट तीन महिन्यांनी. बाबांच्या कपाळावरची शीर टणटण उडत होती.

टेबलावर नकाशाच्या चार प्रती पसरल्या होत्या. त्यांना सारखी गुंडाळी व्हायची हौस, म्हणून बाबांनी लेकीला सोबत आणलेलं. "तू कोपरे धर आणि तोंड बंद ठेव," ते म्हणाले होते. कोपरे धरणं तिला छान जमत होतं.

आजोबांच्या जमिनीचे दोन भाग व्हायचे होते. पुढचा बाबांचा, मागचा आत्याचा, आणि कडेने आत्यापर्यंत जाणारा रस्ता. बाबांनी चारही प्रतींवर सह्या ठोकल्या आणि पेन बहिणीपुढे केलं.

"दादा, तुझी सही अजून कोंबडी नाचल्यासारखीच," आत्या हसली. "तू सगळं नीट बघितलंस ना?"

"बघितलं. कर लवकर."

तेवढ्यात लेकीची नजर रस्त्याच्या टोकावर गेली. बाकी सगळ्या रेघा नाजूक आणि ही एकच जाडजूड. तिने नाक कागदाला टेकवलं. एक नव्हे, दोन रेघा होत्या, अगदी चिकटून. मध्ये मुंगीएवढं लिहिलेलं : १अ.

"काका, हे १अ काय आहे?" तिने टेबलापलीकडे बसलेल्या, आराखडा काढणाऱ्या काकांना विचारलं.

काकांना एकदम खोकला आला. "ते... एक फुटाची पट्टी आहे. तुझ्या बाबांच्या नावावर."

रस्ता आणि आत्याची जमीन यांच्यामध्ये आडवी, एक फूट रुंद, बाबांची जमीन. म्हणजे आत्याला स्वतःच्या जागेत पाय टाकायचा तर आधी बाबांची परवानगी. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं.

ती बाबांच्या कानाशी लागली. "आत्या काय लांब उडी मारून घरी जाणार?"

"हळू बोल. उद्या तिने कुणा परक्याला विकली तर? एवढी दोरी आपल्या हातात हवी."

"मग तिला सांगा ना."

"तू कोपरे धर."

आत्याने टोपण काढलं. पेनाचं टोक कागदावर टेकणार, इतक्यात लेकीने दोन्ही कोपरे सोडून दिले. नकाशा सर्रकन गुंडाळला गेला आणि आत्याचा हात आत अडकला.

"अगं, झोपलीस की काय?"

"आत्या, सही करू नकोस. रस्ता तुझ्यापर्यंत पोचतच नाही."

बाबांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण जीभ सुटली होती. तिने नकाशा उलगडला आणि त्या जाड रेघेवर नख ठेवलं. "ही पट्टी बाबांची. तू परक्याला विकशील अशी भीती वाटते त्यांना." आत्या वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली.

"दादा, मी विकणार आहे असं तुला कुणी सांगितलं?" तिने हळूच विचारलं.

बाबांनी नकाशाची कड उगाच सरळ केली.

खिडकीतल्या बाईंनी मान बाहेर काढली. "देताय का? दहा मिनिटं आहेत."

"दुरुस्ती चालेल?" आत्याने विचारलं.

"प्राथमिक आराखडा आहे, चालेल. लाल शाईने काट मारा, शेजारी दोघांच्या सह्या. एकाची नसेल तर मी घेणार नाही."

आराखडेकाकांनी मुकाट्याने चारही प्रतींवरच्या १अ पट्टीवर लाल काट मारली. आत्याने पेन भावापुढे धरलं. बाबांनी ते घेतलं नाही. ते भिंतीकडे बघत राहिले. खिडकीची झडप अर्धी खाली आली.

"माझी तीन महिने थांबायची तयारी आहे," आत्या म्हणाली. "तुझी आहे?"

बाबांनी पेन हिसकावल्यासारखं घेतलं. चार सह्या.

आता आत्याची पाळी. पण तिने पेन खाली ठेवलं, पहिली प्रत उचलून उजेडात धरली आणि भाचीला जवळ ओढलं.

"ही रेघ कसली?"

"तुझं कुंपण."

"आणि ही?"

"विहीर."

आत्या एकेका रेघेवर बोट ठेवून विचारत राहिली. घड्याळ पुढे सरकत होतं आणि बाबा शेजारी उभे होते. आत्याने त्यांना मात्र काहीच विचारलं नाही.