वऱ्हांड्यातलं केशरी ऊन

प्रेमलताबाईंनी मनीषनगरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून सदर या वस्तीतला जुना बंगला रंगवला होता. त्यांचं माहेरचं भाड्याचं घर ते. कौलारू छप्पर, लाकडी जाळीचा वऱ्हांडा, पुढे कडुनिंब. रेघा जवळजवळ नाहीतच, नुसते रंगाचे ठिपके आणि फटकारे. निवृत्तीनंतर चित्रकलेच्या वर्गात त्या हा इम्प्रेशनिस्ट ढंग शिकल्या, आणि त्यातलं एकच मनात पक्कं बसलं: घर काढायचं नाही, घरावरचा उजेड काढायचा. म्हणून त्यांनी वऱ्हांडाभर संध्याकाळचं केशरी ऊन पसरून ठेवलं होतं.

बेसाहून आलेल्या थोरल्या बहिणीने, देवकीताईंनी, चष्मा वरखाली करून चित्र पाहिलं.

"हे काय सांडलं वं? हळद?"

"ऊन आहे ताई. संध्याकाळचं."

"आपला वऱ्हांडा पूर्वेकडे होता. संध्याकाळचं ऊन मागच्या मोरीवर पडे. समोर काहून येईल?"

प्रेमलताबाईंनी चित्र जवळ ओढलं. हल्ली त्या नावं विसरत. दूध उतू जाई. नातीला, नूपुरला, तिच्या आईच्या नावाने हाक मारत. घरातले एकमेकांकडे बघत ते त्यांना दिसे. पण त्याचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नव्हतं, कारण जुनं सगळं जागच्या जागी होतं. आता तेच हललं. हे ऊनच खोटं असेल, तर बाकीचं काय खरं धरायचं?

त्यांनी जांभळा रंग कालवला. "सावली घालून टाकते."

"थांब आजी," नूपुर म्हणाली. "बंगला उभा आहे ना अजून? मग जाऊन बघू."

संध्याकाळी तिघी सदरला गेल्या. बंगल्यात आता एका वकिलाचं ऑफिस होतं. त्यांनी खुशाल बसा म्हटलं. ऊन घरामागे उतरलेलं, वऱ्हांडा सावलीत.

"झालं समाधान?" देवकीताई म्हणाल्या.

प्रेमलताबाई जाळीला धरून उभ्या राहिल्या. परत जाऊ म्हणणार, तोच खांबाची एक कड उजळली. मग जाळी, मग भिंत. त्यांनी वळून पाहिलं. रस्त्यापलीकडच्या शोरूमच्या काचांवर ऊन आदळून माघारी येत होतं.

"तिथे पांढरी कोठी होती, ताई. दुमजली, चुन्याने रंगवलेली. तिच्यावर पडलेलं ऊन आपल्याकडे यायचं. असं डोळ्यांत खुपणारं नव्हतं, मऊ असायचं." त्या ताईंकडे वळल्या. "तू कधीच कसं पाहिलं नाहीस?"

"मी कवा पाहू? माय अंथरुणाले खिळली तवापासून या वेळेले मी चुलीपाशी. तू इथं बसून पाढे म्हणून राहायची. आवाज यायचा मले." तक्रार नव्हती त्यात. भाजीचा भाव सांगावा तसं त्या बोलल्या आणि गुडघ्यावर हात टेकत पायरीवर बसल्या. लुगड्याच्या निळ्या काठावर केशरी पडलं. त्यांनी तो काठ हातात धरून नीट पाहिला.

प्रेमलताबाईंना चित्रात काय राहिलं ते तेव्हा कळलं: ऊन होतं, ताई नव्हती.

"निघू या का?" नूपुरने विचारलं. "वर्धा रोडला मग अडकू."

"बस वं पोरी," देवकीताई म्हणाल्या. "मावळू दे."

प्रेमलताबाईंनी पर्स खाली ठेवली आणि ताईच्या शेजारी बसल्या.