एकाच क्रमांकाची दोन कार्डे

मित्रांनो, मी एका जुन्या संगणकातले नेटवर्क कार्ड आहे. तळहाताएवढी हिरवी पट्टी, खाली सोनेरी दात आणि मागे तार खोचायला एक भोक, एवढाच माझा संसार. कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून एका घड्याळजींच्या घरी आलो.

त्यांची लेक लांबच्या हवामान केंद्रावर नोकरीला होती. तिथे फोन नव्हता. तिचा मजकूर माझ्यातूनच घरी यायचा. आई पडद्याला नाक लावून वाचायची आणि म्हणायची, "गुणाचं आहे हो हे यंत्र!" अंगावर मांस नसूनही मला ते मूठभर चढायचे.

पुढे आईची नजर अधू झाली. लेकीने कळवले, "आता मी बोलून पाठवीन. आईनं नुसतं ऐकायचं."

घड्याळजींनी आवाजाचे कार्ड आणले आणि स्वतःच माझ्या शेजारी बसवले. तिथेच घात झाला. संगणकाला हाक मारायला आम्हा प्रत्येक कार्डाला वेगळा क्रमांक लागतो. शेजाऱ्याला नेमका माझाच मिळाला. दोघे एकाच नावाने ओरडू लागल्यावर संगणक कोणाचे ऐकणार? मी मुका झालो. लेकीचे निरोप बाहेरच खोळंबले.

"अहो, आलं का काही?" आई रोज विचारायची.

"कशाला येतंय! पोरगी विसरली आपल्याला."

"ती तशी नाही हो. कुणाला तरी दाखवा ना ते."

पण घड्याळजी हट्टाला पेटले होते. गावभरची घड्याळे उघडणाऱ्या त्या माणसाने आमचे झाकण काही उघडले नाही. अशातच आईला झटका आला आणि तिची वाचा गेली.

तेव्हा कुठे त्यांनी धाकट्या बहिणीला बोलावले. ती संगणक दुरुस्त करायची. तिने मला उपसून दुसऱ्या खाचेत बसवले, सेटिंगमध्ये जाऊन वेगळा क्रमांक दिला.

"दादा, दोन्ही कार्डं धडधाकट आहेत. नंबर एकच पडला होता, बस."

घड्याळजींनी आईला आणून संगणकासमोर बसवले.

खोळंबलेले निरोप एकामागून एक आले. शेवटच्या निरोपात लेकीचा आवाज रडवेला होता. "आई, उत्तर का देत नाहीस? रागावलीस का गं माझ्यावर?"

आईचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. घड्याळजींनी माइक उचलला. "बाळ, आई रागावली नाही. चुकलं ते माझं. लवकर ये."

ते शब्द मी नेले. एवढे जड ओझे मी कधी वाहिले नव्हते.

लेक पोचली तेव्हा आई नव्हती. उंबऱ्यातच तिने विचारले, "बाबा, तिनं माझं ऐकलं ना?"

"सगळं ऐकलं. हातानं खुणावून पुन्हा पुन्हा लावायला लावायची."

आता मी माळ्यावर आहे. दात काळवंडलेत. मित्रांनो, यंत्रांवरची धूळ पुसत जा. आणि कोणाचा आवाज येईनासा झाला, तर रुसून बसू नका, काय बिघडले ते बघा. निरोप आम्ही उशिरानेही पोचवतो. गेलेले माणूस आम्हाला आणता येत नाही.